नागमोडी रेघ कोणी पुसली?

१/
भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापलेले महाभारत उघडले, की काही शब्दांखाली एक नागमोडी रेघ दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती छपाईतील दोष वाटते. वस्तुतः ती संपादकाची कबुली असते: हा पाठ स्वीकारला आहे, पण त्याविषयी पुरती खात्री नाही. तेच श्लोक आज समाजमाध्यमांवर नकलून डकवले जातात तेव्हा शब्द सगळे शाबूत असतात, रेघ मात्र नाहीशी झालेली असते. हा धागा ती रेघ पुसणाऱ्यांविरुद्ध आहे. त्यासाठी रत्नागिरीच्या एका मुख्याध्यापकापासून निघून पाणिनीमार्गे संगणकाच्या कोडपर्यंत जावे लागेल.

२/
आधी तो मुख्याध्यापक. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवणात झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. भांडारकरांचे शालेय शिक्षण रत्नागिरीत झाले आणि १८६०च्या दशकात ते त्याच गावच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून परतले. ‘मार्गोपदेशिका’ हे त्यांचे संस्कृत शिकवणारे पुस्तक १८६४ सालचे. पुढे १९१७ साली पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि १ एप्रिल १९१९ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आरंभ त्यांच्याच हस्ते झाला. ज्या ग्रंथात ती नागमोडी रेघ आहे, तो हाच.

३/
आता प्रतिपक्ष. इतिहासप्रेमी तरुणांत एक समज दृढ झाला आहे: साधा मजकूर म्हणजे शुद्ध मजकूर. कंस, तारका, रेघा, ठळक-तिरपा ठसा ही सारी मागाहूनची सजावट. ती काढली की मूळ हाती लागते. याच समजाचे दुसरे टोक संगणकशास्त्राच्या प्रबंधांत दिसते. तिथे कोड रंगवून छापला जातो, पण रंग निवडला जातो तो नजरेला बरा वाटतो म्हणून. एकाने खूण फेकून दिली, दुसऱ्याने ती नटवली. खूण हेही एक विधान असते, त्याचा खरेखोटेपणा तपासता येतो, हे दोघांच्याही गावी नाही.

४/
कोड रंगवणे म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. प्रबंध, प्रश्नपत्रिका किंवा पाठ्यपुस्तक लाटेकमध्ये जुळवताना संगणकाचा कोड छापायचा असेल, तर ‘लिस्टिंग्ज’ किंवा ‘मिंटेड’ हे पॅकेज वापरतात. पहिले कार्स्टन हाइन्स यांनी १९९०च्या दशकात रचले; दुसरे पायथनमधील ‘पिगमेंट्स’ या साधनावर विसंबते. दोघांचे काम एकच: कोडचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची जात ओळखायची. राखीव शब्द, टिप्पणी, अवतरणातला मजकूर, अंक. मग प्रत्येक जातीला वेगळा ठसा किंवा रंग द्यायचा. यालाच सिंटॅक्स हायलायटिंग म्हणतात. थोडक्यात, वाक्याचे पदच्छेद करून ते कागदावर दाखवणे. संस्कृतच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटू नये.

५/
हा ठसा वरवरचा असतो असे मानणाऱ्यांनी १९६० सालचा ‘अल्गोल ६०’ या भाषेचा अहवाल आठवावा. त्यात ‘बिगिन’, ‘एंड’, ‘इफ’ हे शब्द ठळक छापले होते, आणि ठळक छापलेला ‘इफ’ हे एकच अखंड चिन्ह मानले होते. दोन अक्षरांचा शब्द म्हणून नव्हे. साध्या अक्षरांत लिहिलेला ‘इफ’ हे एखाद्या चलाचे नाव असू शकले असते. म्हणजे ठळकपणा हाच व्याकरणाचा भाग होता. त्या काळच्या यंत्रांना ठळक अक्षरे काढता येत नव्हती, म्हणून तिथे शब्दाभोवती अवतरणचिन्हे घालण्यासारखे उपाय करावे लागले. यंत्र दुबळे असले तरी खूण टाकून देण्याचा विचार कोणी केला नाही. ती दुसऱ्या रूपात जपली गेली.

६/
याहून कितीतरी जुने उदाहरण घरचेच आहे. पाणिनीची अष्टाध्यायी, सुमारे ४,००० सूत्रांची. तिच्यातील धातूंना आणि प्रत्ययांना ‘इत्’ नावाच्या खुणा जोडलेल्या असतात. या खुणा शब्दसिद्धीत सहभागी होतात, काय करायचे ते सांगतात आणि अखेर लोप पावतात. इत् कोणते, हे पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील दुसऱ्या सूत्रापासून सांगितले आहे. त्यातला पहिलाच नियम असा की, उपदेशात जो स्वर नाकातून उच्चारलेला असेल, तो इत्. याचा अर्थ उघड आहे. राखीव चिन्ह ओळखायचे ते नादावरून. पाणिनीने आपला ग्रंथ उच्चारात रंगवून ठेवला होता.

७/
त्याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. धातूचा हा खुणेचा स्वर कोणत्या सुरात उच्चारला, यावर धातूचे पद ठरते. खूण अनुदात्त असेल तर आत्मनेपद. म्हणून ‘एध्’ आत्मनेपदी. खूण स्वरित असेल तर, क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असता आत्मनेपद आणि एरवी परस्मैपद. म्हणून ‘यज्’ उभयपदी. एका स्वराच्या चढउतारात पुऱ्या रूपावलीची सूचना साठवलेली. आणि अधिकारसूत्रे, म्हणजे ज्यांचा अंमल पुढील अनेक सूत्रांवर चालतो ती, तीही स्वरित उच्चारानेच ओळखायची, असे त्याच पादातले अकरावे सूत्र सांगते. आज कोडमध्ये जे काम रंग करतो, ते इथे सूर करीत होता.

८/
आणि तो सूर हरवला. अष्टाध्यायी जशी लेखनातून हातात आली, तशी तिच्यात ना अनुनासिक खुणा उरल्या, ना अधिकाराचे स्वरित. पाणिनीय परंपरेनेच हे मान्य केले आहे: अनुनासिक कोणता आणि स्वरित कोणता, हे आता केवळ आचार्यांच्या सांगण्यावरून जाणायचे. छापील धातुपाठात आज चंद्रबिंदू दिसतो, तो या सांगण्यावरून मागाहून बसवलेला. अधिकार कुठपर्यंत चालतो, याची चर्चा महाभाष्यात करावी लागली. कात्यायनाच्या वार्तिकात त्यावर एक तोडगाही आहे: अधिकारसूत्राला एक अक्षर जोडावे, आणि वर्णमालेत ते अक्षर ज्या क्रमांकाचे, तितक्या सूत्रांपर्यंत अधिकार चालावा. ख्रिस्तपूर्व काळात एका वैयाकरणाला ओळींची मोजणी सुचवावी लागली, कारण निव्वळ सुरावर भागत नव्हते.

९/
‘साधा मजकूर शुद्ध असतो’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून हिशेब करावा. अष्टाध्यायीचे शब्द परंपरेने थक्क करणाऱ्या काटेकोरपणे जपले. गेले ते शब्दांवरचे सूर. आणि तेवढ्यासाठी पुढच्या पिढ्यांना भाष्ये, वृत्ती आणि परिभाषा यांचे डोंगर उपसावे लागले. खूण गळाली की अर्थ लगेच नष्ट होत नाही, हे खरे. तो ग्रंथातून निघून गुरूच्या मुखात जातो. ज्याला गुरू लाभला त्यालाच अर्थ लाभतो. साध्या मजकुराचा आग्रह लोकशाहीवादी दिसतो. त्याचा परिणाम मात्र ज्ञान मोजक्या जाणकारांच्या हवाली करण्यात होतो.

१०/
पोथ्या लिहिणाऱ्यांना हे कळत होते. काळ्या शाईच्या पोथीत अध्यायाची समाप्ती, ‘उवाच’सारखे वक्त्याचे निर्देश आणि दंड पुष्कळदा तांबड्या शाईत किंवा गेरूच्या पुसटशा लेपाखाली असतात. चुकलेले अक्षर हरताळाने झाकतात. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच मराठीत आला. वाचणाऱ्याला मूळ वचन कुठे संपले आणि लेखकाची नोंद कुठे सुरू झाली, हे रंगावरून उमगत असे. मग छापखाना आला आणि एकरंगी छपाईत तांबडी शाई बहुधा बाद झाली. हरताळ झाकून ठेवतो. छापखान्याने तेवढेही मागे ठेवले नाही.

११/
छापखान्याची अडचण खरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. देवनागरीला जोडाक्षरे आणि मात्रांसह शेकडो खिळे लागत. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केसरी’साठी ही संख्या १९०च्या घरात आणण्याची खटपट केली, ती याच काचातून. साधी अक्षरेच इतकी महाग, तिथे ठळक आणि तिरप्या ठशांचे वेगळे संच कोण बाळगणार? प्रत्येक खुणेला शिसे लागत होते आणि जुळाऱ्याचा वेळही. त्या काळात कोणी खूण गाळली तर ती लाचारी होती. आज खूण टाकायला काहीच लागत नाही. तरीही ती गाळली जाते, तेव्हा त्याला लाचारी म्हणता येत नाही.

१२/
या पार्श्वभूमीवर भांडारकर संस्थेच्या कामाकडे पाहावे. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनला भाषाशास्त्रात मुरलेला हा माणूस. आदिपर्वाचा खंड १९३३ साली पूर्ण झाला. १९४३ साली सुकथनकर वारले. सारे काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. १,२५९ हस्तलिखिते तपासून १९ खंड सिद्ध झाले. यातील प्रत्येक पान म्हणजे एक काटेकोर संकेतव्यवस्था आहे. शारदा लिपीतील प्रतींना एक संकेताक्षर, बंगालीला दुसरे, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम यांना आणखी वेगळी. वर निश्चित केलेली संहिता, खाली पाठभेद. गाळलेल्या ओळी तारकांकित होऊन तळाशी. मोठे प्रक्षेप परिशिष्टात. आणि जिथे संपादकालाच शंका, तिथे नागमोडी रेघ.

१३/
या व्यवस्थेची किंमत कळण्यासाठी एकच उदाहरण पुरे. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. चिकित्सित आवृत्तीत ती मुख्य संहितेत नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. संपादकांनी ती जाळली नाही आणि लपवलीही नाही. ती छापली, तिचे स्थान बदलले, आणि कोणत्या प्रतींत ती येते हे नोंदवले. आता कोणी या आवृत्तीतला निव्वळ मजकूर उचलून ‘महाभारतात गणपती नाहीच’ अशी गर्जना करतो, आणि दुसरा परिशिष्टातला उतारा उचलून ‘हा पाहा पुरावा’ म्हणतो. दोघेही त्याच ग्रंथाचा हवाला देतात, आणि स्थान व खुणा काढून टाकल्यामुळे दोघेही त्या ग्रंथाविषयी खोटे बोलतात.

१४/
मराठ्यांच्या इतिहासात तर हा प्रश्न आणखी बिकट आहे. मोडी पत्रात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा नसतो. म्हणजे बाळबोधीत छापलेल्या प्रत्येक ऐतिहासिक पत्रातील प्रत्येक मोकळी जागा हा लिप्यंतरकाराचा निर्णय असतो. कोड छापणाऱ्या ‘लिस्टिंग्ज’ला हे अनाहूतपणे कळले आहे: अवतरणातील मोकळी जागा ते एका लहानशा चिन्हाने दाखवते, कारण तिथे मोकळी जागा हेही एक अक्षर आहे. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी ती सोय बंद करतात, दिसायला वाईट म्हणून. पत्रांच्या बाबतीत अनेक इतिहासप्रेमी हेच करतात: कागद फाटल्याची खूण, कंसात पुरवलेली अक्षरे, प्रश्नचिन्ह, सगळे काढून ‘स्वच्छ’ पत्र प्रसारित करतात. जे अक्षर संपादकाने अंदाजाने भरले, ते दोन दिवसांत पत्रलेखकाच्या तोंडी जाते.

१५/
नटवणाऱ्यांचा अपराधही लहान नाही. ‘लिस्टिंग्ज’मध्ये दोन प्रकारचे फेरफार करता येतात. एक, शब्द तसाच ठेवून त्याचा ठसा किंवा रंग बदलणे. दुसरा, चिन्हच बदलून छापणे: ‘लहान किंवा समान’ हे कोडमध्ये दोन चिन्हांनी लिहितात, ते छपाईत गणिताच्या एकाच सुबक चिन्हाने दाखवणे. सरळ अवतरणचिन्हे तर, वेगळे सांगितले नाही तर, वळणदार होऊन छापली जातात. पान देखणे होते. पण पीडीएफमधून तो कोड उचलून चालवायला गेले की यंत्र तो नाकारते. पहिला प्रकार खूण आहे, दुसरा पाठबदल. ज्याला हा भेद कळत नाही, त्याने कोडही छापू नये आणि बखरही.

१६/
हा पाठबदल इतिहासात कसा घडतो, याचा दाखलाही रत्नागिरीतच आहे. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात विनायक दामोदर सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. ‘अ’च्याच बाराखडीने स्वर लिहावेत, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटो वा न पटो, त्या पद्धतीने छापलेला लेख ‘अि’सकटच त्या वादाचा पुरावा आहे. तो आज टंकताना कोणी मुकाट्याने ‘इ’ केला, तर वाचकाची सोय होते आणि पुरावा जातो. बदल करायला हरकत नाही. तो न सांगता करण्याला आहे.

१७/
एका आक्षेपाचे उत्तर द्यायला हवे: खुणांची गर्दी झाली की वाचन अडते. हे अर्धे खरे आहे. बारा रंगांत छापलेला कोड वाचता येत नाही. ज्यांना लाल-हिरवा भेद दिसत नाही त्यांना तर मुळीच नाही. आणि प्रबंधाची प्रत अखेर झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यातच निघते. पण यातून निष्कर्ष निघतो तो खुणा निवडून टाकण्याचा. राखीव शब्द ठळक, टिप्पणी तिरप्या ठशात, इतकेच ठेवले तर काळ्या शाईतही भेद टिकतो. सुकथनकरांच्या पानावर एकही रंग नाही. रेघ, तारका, अक्षराचा आकार आणि पानावरची जागा, एवढ्यावर त्यांनी शेकडो हस्तलिखितांची साक्ष मांडली.

१८/
दुसरा आक्षेप: साधन जे देते ते वापरावे, त्यात ढवळाढवळ कशाला? कारण साधन तटस्थ नसते. ‘लिस्टिंग्ज’च्या आयत्या याद्या ठरावीक संगणकभाषांच्या आहेत, आणि देवनागरी तिच्या मूळ रचनेत गृहीतच धरलेली नाही, कोडमध्ये मराठीत टिप्पणी लिहिली की यूनिकोडची बहुबाइटी अक्षरे आणि मात्रा विस्कटतात. म्हणून विद्यार्थी टिप्पण्या इंग्रजीत लिहू लागतात. पण त्याच साधनात नवी भाषा घोषित करण्याची सोयही आहे: राखीव शब्द स्वतः ठरवा, टिप्पणीच्या खुणा स्वतः ठरवा, प्रत्येक वर्गाचा ठसा स्वतः ठरवा. देवनागरीशी जुळवून घेणारे साधन निवडून हीच रीत मोडी पत्राच्या लिप्यंतराला लावता येते. पुरवलेले अक्षर, संशयित वाचन, फाटलेली जागा, आणि मूळ पत्रातला शब्द, असे चार वर्ग. त्यांचे चार ठसे. आणि आरंभी त्यांची कुंजी.

१९/
म्हणून मागणी सरळ आहे. ऐतिहासिक मजकूर समाजमाध्यमांवर टाकणाऱ्याने आवृत्ती आणि पान सांगावे. मूळ छापील पानावर कंस, तारका, रेघ असेल तर ती ठेवावी. टंकता येत नसेल तर पानाचे छायाचित्र सोबत द्यावे, किंवा ‘हा शब्द संपादकाने संशयित मानला आहे’ असे अक्षरांत लिहावे. अल्गोलच्या काळी ठळक अक्षर निघत नव्हते तेव्हा अवतरणचिन्हे घातली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेवढे नक्की जमेल. स्वतः केलेला बदल स्वतःच्या नावावर मांडावा. आणि कोड असो वा करीना, छापण्यापूर्वी एक कसोटी लावावी: या पानावरून मूळ पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते का?

२०/
भांडारकर संस्थेच्या खंडांची पाने आज पडद्यावरही पाहता येतात. पुढच्या वेळी एखादा श्लोक नकलून घेण्यापूर्वी वाचकाने त्याच्या छापील पानावर जावे आणि त्या ओळीखाली पाहावे. रेघ नसेल, तर श्लोक खुशाल खात्रीने सांगावा. असेल, तर १,२५९ हस्तलिखितांच्या शोधानंतरही संपादकांनी जिथे ‘कदाचित’ म्हटले, तिथे आपण ‘निश्चित’ म्हणण्याचा अधिकार कुठून आणला, हे आधी स्वतःला विचारावे. धागा समाप्त.